लेखी मागितले नाही

बाबांच्या घरात एकही खिळा नाही, हे मला बाबा गेल्यावर तेराव्या दिवशी कळलं. फोटो मोठा करून आणला होता, हार आणला होता, आणि मी फोटो छातीशी धरून हॉलमध्ये गोल फिरत होते. चार भिंती, आणि त्यांवर खिळा नाही, खुंटी नाही, हूक नाही. बावीस वर्षं मी त्या घरात येत-जात होते. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करते मी. केसाएवढा ओरखडा मला लांबून दिसतो, म्हणून तिथली माणसं मला टरकून असतात. आणि वडिलांच्या घरातल्या भिंती मी कधी धड बघितल्या नव्हत्या. शेवटी फोटो फ्रिजवर टेकवला. हार सारखा घसरत होता.

"ताई, आईचा फोटो पण टेकवलेलाच असायचा की," अजित म्हणाला. अजित माझा धाकटा भाऊ, सिंगापूरहून आला होता. खरंच होतं ते. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तिचा फोटो तेव्हापासून टीव्हीशेजारी पुस्तकांना टेकून उभा आहे. आम्हाला वाटायचं, बाबांना तो हाताशी हवा असतो.

हाताशी वगैरे काही नव्हतं. बाबांना भिंतीला भोक पाडायचं नव्हतं, एवढंच.

बाबा, म्हणजे मंत्रालयातले मोहितेसाब, एकविसाव्या वर्षी कराडजवळच्या गावातून दिल्लीत कारकून म्हणून आले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. तिथे त्यांचा नियम होता, की भिंतीला काही ठोकायचं नाही. घर सरकारचं, आपण नुसतं राहतोय. शेजारच्या घरांत देवदेवता, नट-नट्या, लग्नाचे फोटो भिंतीभर लागलेले, आणि आमच्या भिंती पांढऱ्याफटक. मराठी मंडळाकडून मिळालेलं कॅलेंडर आई स्वयंपाकघराच्या कडीला दोरीने बांधायची. दार उघडलं की महिना डुलायचा.

क्वार्टर सोडला त्या दिवसाची गोष्ट आमच्या जुन्या शेजाऱ्यांमध्ये अजून सांगतात. घर ताब्यात घ्यायला सरकारी माणूस आला, तर बाबा गुडघ्यावर बसून मोरी घासत होते. पंखे पुसलेले, बल्ब नवे, खिडक्यांच्या काचांची यादी तयार. तो माणूस म्हणाला, "साब, ऐसे तो कोई खाली नहीं करता. लोग तो स्विच भी उखाड़ ले जाते हैं." बाबा म्हणाले, "जैसा मिला था वैसा दे रहे हैं. आप गिन लीजिए." त्याने न मोजता सही केली. बाबांनी त्याला सही खोडायला लावली, मोजायला लावलं, आणि मग पुन्हा सही घेतली. खाली सामानाचा ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आई कपाळाला हात लावून बसलेली.

मग दिल्लीतच, द्वारकेत, हा स्वतःचा फ्लॅट झाला. आईला वाटलं, आता सुटलो. "अहो, घर आपलं आहे आता. एक तरी खिळा ठोका."

"घर आपलं असेल," बाबा म्हणाले, "पण आपण किती दिवसांचे?"

"झालं! निघाले पानिपतला," आई म्हणाली.

हे आमच्या घरातलं बोलणं होतं. बाबा उदास बोलायला लागले की 'पानिपतला निघाले' म्हणायचं. कारण महाराष्ट्रातून कुणीही पाहुणा आला, मग तो लग्नाला आलेला असो की इस्पितळात दाखवायला, बाबा त्याला एका रविवारी पानिपतला, रणभूमीवरच्या काला अंब स्मारकाला नेत. पाहुण्याला खरं तर लाल किल्ला आणि करोलबाग हवं असे. एकदा नानामामा, म्हणजे आईचा भाऊ, आला होता. त्या काळ्या स्तंभापुढे उभा राहून मामाचा ऊर भरून आला, तो शौर्यावर बोलायला लागला. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नाना, एवढी लाखभर माणसं इतक्या लांब आली. जायची तयारी सगळे करतात. परतायची यादी कुणी केली होती का, ते सांग."

मामा भडकला. "दाजी, आता या लढाईवर पण ऑब्जेक्शन काढणार तुम्ही?"

"ऑब्जेक्शन नाही," बाबा म्हणाले. "नोंद."

मग झाडाखाली बसून धपाटी खाल्ली. निघताना बाबांनी आमचे कागद उचलले, शेजारी बसलेल्या अनोळखी लोकांचेही उचलले. मामा परत जाताना स्टेशनवर आईला म्हणाला, तुझा नवरा देवमाणूस आहे, पण त्याच्याबरोबर फिरायला जाऊ नये.

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर एका टोकाला लाकडी ट्रे होता. दोन मजली, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. ऑफिसने मोडीत काढलेला, रीतसर लिलावात घेतलेला. वरच्या मजल्यावर बाबांच्या अक्षरात 'आवक', खालच्यावर 'जावक'. आम्हा मुलांना काही हवं असेल तर तोंडी मागायचं नाही. अर्ज लिहायचा आणि आवकमध्ये ठेवायचा. "कागदावर आण," हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेन. बाबा ऑफिसातून येत, चहा घेत, अर्ज वाचत, समासात शेरा मारत आणि कागद जावकमध्ये ठेवत. मी पाचवीत असताना लिहिलं होतं, 'विषय: आग्रा सहलीस जाण्याची परवानगी मिळणेबाबत.' शेरा होता, 'चर्चा करावी.' चर्चा म्हणजे रात्रीचं जेवण. त्यात बाबांनी ताजमहालबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बसमध्ये उलटी झाली तर काय करशील, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी जावकमध्ये मंजूर अर्ज होता, त्याला टाचणीने प्लास्टिकची पिशवी लावलेली.

अजितने एकदा नवीन बॅट मागितली. शेरा आला, 'जुन्या बॅटची अवस्था दाखवावी.' अजितने जुनी बॅट जिन्यावर दहा वेळा आपटली आणि दाखवली. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि लिहिलं, 'अवस्था आजची दिसते. नामंजूर.'

मी सोळा वर्षांची असताना कशावरून तरी भांडले आणि ओरडून सांगितलं, की मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. बाबा म्हणाले, "बरं. कागदावर आण." मी आणलं. रागाने पेन कागदातून आरपार गेलं होतं. त्यांनी तो अर्ज वाचला आणि शेरा मारला, 'सात दिवसांनी पुन्हा सादर करावा.' सातव्या दिवशी मी सगळं विसरून त्यांच्याशी शाळेतल्या गमती बोलत होते. ते मधेच थांबवून म्हणाले, "तो अर्ज पुन्हा सादर करायचाय का?" मला इतकं हसू आलं की दूध नाकातून बाहेर आलं. तेही हसले. बाबा हसले की आवाज होत नसे, फक्त खांदे हलत.

माझ्या लग्नाचीही फाइल झाली. विवेक मेहरा, माझ्याच ऑफिसातला, पक्का दिल्लीवाला पंजाबी. मी अर्ज केला. बाबांनी तो आईकडे 'अभिप्रायार्थ' पाठवला, म्हणजे टेबलाच्या या टोकावरून त्या टोकावर सरकवला. आईने आयुष्यात एकदाच नोटिंग केलं, ते हे: 'मुलगा बरा दिसतो. कांदा फार खातो. हरकत नाही.' त्याखाली बाबांची सही. विवेकने त्या पानाची प्रत मागून घेतली, ती आमच्या बेडरूममध्ये फ्रेम करून लावली आहे. खिळा ठोकून.

आणखी एक सवय. मी द्वारकेला गेले की निघताना बाबा गेटपर्यंत खाली येत आणि रामकिशन गार्डच्या रजिस्टरमध्ये माझी जायची वेळ स्वतःच्या हाताने लिहीत. येण्याची वेळ गार्ड लिहितात, जाण्याचा रकाना कुणीच भरत नाही, हे त्यांना बघवत नसे. मी चिडवायचे, "बाबा, मी काय चोर आहे का?" ते म्हणायचे, "नोंद अर्धी राहिली की माणूस आत आहे का बाहेर, तेच कळत नाही." मी गाडीतून हात करायचे, ते रजिस्टरवर वाकलेले असायचे. घड्याळ बघून, मिनिटासकट लिहायचे.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला. दोन दिवस इस्पितळात होते, बोलणं गेलेलं. डोळे उघडे होते. मी हात धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, की काहीतरी सांगा, कागदावर द्या. बोटं हलत नव्हती.

तेरावा झाला आणि आम्ही घर आवरायला घेतलं. अजितचं परतीचं तिकीट चार दिवसांनी होतं. मी कपाट उघडलं आणि पहिलाच धक्का बसला. आईच्या स्टीलच्या डब्यांच्या तळाला चिठ्ठी चिकटवलेली. अनुक्रमांक, वस्तू, नाव. मिक्सर उलटा केला, खाली चिठ्ठी. कूलरमागे चिठ्ठी, 'रामकिशन, गार्ड.' पुस्तकांवर, 'मंडळाचे वाचनालय.' खुर्च्यांखाली, छत्रीच्या दांड्याला, इस्त्रीला, सगळीकडे. अख्खं घर त्या माणसाने जिवंतपणी देऊन ठेवलं होतं. अजित आधी हसायला लागला. "यार ताई, बाबांनी हे घर पण क्वार्टरसारखं खाली केलंय." मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि रडला.

मी हसले नाही आणि रडलेही नाही. मी एकच वस्तू शोधत होते. मला तो ट्रे हवा होता. घरात शिरल्यापासून मनाशी ठरवून आले होते, की बाकी सगळं अजित म्हणेल तसं, ट्रे माझा. तो टेबलावर नेहमीच्या जागी होता. उलटा केला. चिठ्ठीवर होतं, 'शांती. मुलीच्या वह्यांसाठी.'

शांती बाबांकडे दहा वर्षं कामाला होती. मी ते नाव दोनदा वाचलं. चिठ्ठी जाड लागत होती. आमच्या कामात दोन थर लगेच बोटाला कळतात. मी नखाने कड उचलली. खाली दुसरी चिठ्ठी होती, तिच्यावर 'चि. सुजाता.' सुजाता म्हणजे मी.

मग मी वेड्यासारखी सगळ्या वस्तू पुन्हा उलट्या करत सुटले. आईची पितळी परात. शिवणयंत्र. आईची पांढरी शाल ठेवलेली पेटी. सगळीकडे चिठ्ठीवर चिठ्ठी, आणि खाली मी. माझ्या नावावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव, नीट, कडा जुळवून चिकटवलेलं.

ट्रेच्या खालच्या मजल्यावर, जावकमध्ये, निळ्या कव्हरची फाइल होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'घर रिकामे करणेबाबत.' आत सगळ्या वस्तूंची यादी. अकरा वस्तूंपुढे माझं नाव होतं आणि ते पट्टी लावून सरळ रेघेने खोडलं होतं. प्रत्येक खोडलेल्या नावाशेजारी त्यांची छोटी सही. मागे अजितची ईमेल छापून लावली होती: 'बाबा, मला काही नको, इकडे आणणं शक्य नाही. तुम्ही मजेत राहा.' तिला रीतसर 'प्राप्त' असा शेरा. त्यानंतर हिरव्या कागदावर शेवटची नोंद होती.

'चि. सुजाता हिला आज गेटवर विचारले. माझ्याकडे कुठे जागा आहे, काही नको, असे म्हणाली. घाईत होती. लेखी मागितले नाही. पुन्हा विचारू नये.'

मी खाली बसले. टेबलाखाली, फरशीवर, ट्रे मांडीत घेऊन. अजित "काय झालं, ताई?" विचारत होता, मी ते पान त्याच्यापुढे केलं. ते वाक्य माझंच होतं. तंतोतंत माझं, माझ्या त्या वैतागलेल्या सुरासकट. आणि मला ते आठवत नव्हतं! म्हणजे वाचेपर्यंत आठवत नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या रागाला ज्याने सात दिवस दिले, आग्र्याच्या सहलीसाठी ज्याने चर्चा केली, बॅटीची अवस्था बघितली, तोंडी काही म्हणजे काही मानलं नाही, त्या माणसाने माझं हे एकच वाक्य तोंडी मान्य करून टाकलं होतं. बाबा, याच वेळी का हो? याच वेळी का नाही म्हणालात, कागदावर आण म्हणून?

तो रविवार होता, बाबा जाण्याआधी सोळा दिवस. त्यानंतर सहा-सात वेळा आमचा फोन झाला. हवा, औषधं, माझ्या मुलीची परीक्षा. हा विषय त्यांनी काढला नाही. निकाली निघालेलं प्रकरण ते उघडत नसत.

संध्याकाळी शांती आली. मी ट्रे माझ्या पिशवीत घालून ठेवला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, हिला काय माहीत. पण तिच्याकडे बाबांनी दिलेला कागद होता, तिच्या वाट्याच्या चार वस्तूंचा. तिने तो उघडून दाखवला नाही, पदराच्या गाठीत तसाच ठेवला.

"दीदी, वो लकड़ी वाला आप रख लो," ती म्हणाली.

"तुला दिलाय ना बाबांनी?" मी मराठीतच बोलून गेले. तिला तेवढं समजतं, बाबांकडे दहा वर्षं काम केलेलं.

"बाबूजी ने दिया. पर मैंने बोला था, बाबूजी, ये दीदी की चीज़ है, एक बार और पूछ लो. दो बार बोला मैंने. बोले, पूछ लिया है, शांती. उसको तकलीफ़ नहीं देनी."

तकलीफ! मला घराबाहेर पळून जावंसं वाटलं. मी पिशवीतून ट्रे काढला, पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला. तिने घेतला नाही. मग मी म्हटलं, "शांती, ले जाओ. काग़ज़ पे है." ती ट्रे डोक्यावर ठेवून गेली. ते शब्द, 'आवक' आणि 'जावक', तिच्या मुलीला वाचता येतील की नाही, हा प्रश्न उगीचच माझ्या डोक्यात घोळत राहिला.

शेवटच्या दिवशी घर रिकामं झालं. अजित विमानतळावर गेला. मी केर काढला, मोरी घासली, बल्ब पुसले. भिंती तर कोऱ्याच होत्या, त्यांना काही करावं लागलं नाही. चिठ्ठी नसलेली वस्तू घरात एकच होती, ती फाइल. ती मी काखेत मारली आणि खाली आले.

गेटवर रामकिशनने रजिस्टर पुढे केलं. "दीदी, टाइम आप ही डाल दीजिए. अब साब तो हैं नहीं."

मी वेळ लिहिली. मग बरीच मागची पानं काढली आणि तिथून पुढे उलटत आले, नुसतं ते अक्षर बघायला. तिरपं, बारीक, निळ्या शाईचं. माझं नाव, फ्लॅट, जाण्याची वेळ, मिनिटासकट. आणि मग तो रविवार आला. माझं नाव होतं. येण्याची वेळ रामकिशनच्या अक्षरात होती. जाण्याचा रकाना रिकामा होता.

"ये?" मी विचारलं.

रामकिशनने वाकून बघितलं. "हाँ, उस दिन साब ने नहीं डाला. यहीं खड़े-खड़े अपनी फ़ाइल में कुछ लिखते रहे, बहुत देर. मैंने रजिस्टर आगे किया तो बोले, रहने दो, रामकिशन. फिर ऊपर चले गए."

म्हणजे त्यांच्याच नियमाप्रमाणे मी त्या रविवारपासून आतच होते. पेन माझ्या हातात होतं, वेळही आता मला आठवत होती, चार पन्नास. साडेपाच वाजता माझी व्हिडिओ मीटिंग होती, म्हणून तर घाई. मी रकाना भरला नाही.

आता तो सगळा प्रसंग मला दिसतो. बाबा गाडीच्या खिडकीशी वाकलेत, काखेत निळी फाइल. "सुजा, घरातलं काय काय हवंय तुला? म्हणजे तसं लिहून ठेवतो." आणि मी एक हात स्टिअरिंगवर ठेवून, फोनकडे बघत म्हणतेय, "बाबा, प्लीज, आता हे काय काढलंत? माझ्याकडे कुठे जागा आहे? काही नको मला." ते म्हणाले, "अच्छा." काच वर गेली. गेटबाहेर वळताना मी आरशात बघितलं, तर बाबा गार्डच्या टेबलावर वाकून लिहीत होते. घड्याळाकडे बघत नव्हते, हेही मला दिसलं होतं. तरी मला वाटलं, माझी वेळ लिहितायत.